खरा कवडू कोण?

“इतिहासात गावं बुडून जातात, नावं तेवढी तरून राहतात. आणि बेलटोलीचं जे एक नाव तरून राहणार आहे, ते म्हणजे कवडू!”

कवडू लंजे गुरुजींनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांच्या डाव्या गालावर साबण होता. उजवा गाल होऊन गेला होता. आनंदराव न्हाव्यानं वस्तरा हवेतच धरला आणि विचारलं, “कोनता कवडू, गुरुजी?”

प्रश्न साधाच होता, पण गुरुजींची सकाळ त्यानं नासवली.

मोहाडी तालुक्यातल्या या बेलटोलीत कर्तबगार कवडू तीन. पहिले कवडू सेलोकर, लेखक. यांनी जवाहरनगरच्या फॅक्टरीत तीस वर्षं नोकरी केली आणि फॅक्टरीच्या बसमध्ये जाता-येता दोन कथासंग्रह लिहिले. त्यांची वाक्यं आखूड आहेत ती खड्ड्यांमुळे, असं जाणकार म्हणतात. दुसरे कवडू ठवकर, पंचायत समितीचे माजी सभापती. सभापती अडीच वर्षं होते, माजी होऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे माजीपणाचा अनुभव दांडगा. तिसरे आपले गुरुजी, निवृत्त शिक्षक आणि इतिहासकार. तालुक्यातल्या एकशे सात तळ्यांचा इतिहास ते बावीस वर्षांपासून लिहीत होते. तीस तळी लिहून झाली होती. गावात आडनाव कोणी वापरत नाही. गोष्टीचा कवडू, माईकचा कवडू आणि तळ्याचा कवडू, एवढ्यावर काम भागतं.

ठरावात मात्र तेवढंही नव्हतं. “कवडूजींना ग्रामभूषण म्हणून गौरवण्यात यावे” असा ठराव पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आला आणि एकमतानं पास झाला. बेलटोलीत एकमत व्हायची ती पहिलीच खेप. कारण हात वर करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात आपापला कवडू होता. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर “कवडूजींचे हार्दिक अभिनंदन” आलं, तेव्हा तिन्ही कवडूंनी मिनिटाच्या आत “धन्यवाद” लिहिलं. तिथून लोकांना शंका यायला लागली. आता सव्वीस जानेवारी चार दिवसांवर आली होती आणि शालीचा धनी ठरला नव्हता.

गुरुजींना हे ग्रामभूषण हवं होतं. शालीसाठी नव्हे. शाली त्यांच्याकडे निवृत्तीच्या सात होत्या आणि त्यातल्या दोन अजून पिशवीतून निघाल्या नव्हत्या. पण त्यांचं वय होतं अडुसष्ट, आणि आजवरच्या वेगानं पुस्तक पुरं व्हायचं ते त्यांच्या एकशे चोविसाव्या वर्षी. तोवर गावानं एकदा तरी चारचौघांत आपल्याला इतिहासकार म्हणावं, एवढीच त्यांची आस होती.

दुपारी सरपंच कामिनीताईंनी तिघांनाही ग्रामपंचायतीत बोलावलं.

“तिघायचाही सत्कार करून टाकू,” ताई म्हणाल्या. “कायले भांडता?”

“तिघायले देल्लं म्हंजे कोनालेच देल्लं नाही,” माजी सभापती म्हणाले. “राजकारनात केस पांढरे केले ताई म्या.”

“मी माघार घेतो,” लेखक म्हणाले, आणि कोणी ‘नका, नका’ म्हणतं का म्हणून जरा थांबले. कोणी म्हणालं नाही. तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे विचार करून राहिलो.”

गुरुजी याच क्षणाची वाट पाहत होते. ते उठून उभे राहिले. “ठराव कवडूच्या नावानं आहे. मग खरा कवडू कोण, ते पुराव्यानं ठरवू.”

हे नाव काही कोणी हौसेनं ठेवत नसे. घरात पाठोपाठ लेकरं जाऊ लागली की पुढच्या लेकराला सुपात घालून सुईणीला एका कवडीत विकायचं. इतक्या स्वस्त मालाकडे यम ढुंकून पाहत नाही, अशी समजूत. सुईण ते लेकरू पोसायला पुन्हा मायजवळच देई, पण नावानं ते तिचं. आपण असे विकलो गेलो होतो, हे गुरुजींना मायनं सांगितलं होतं. बाकीच्या दोघांना नुसतं आज्याचं नाव लागलं असावं, असा त्यांचा बऱ्याच वर्षांचा संशय होता.

“ज्याची विक्री सिद्ध होईल, तो खरा कवडू,” गुरुजी म्हणाले.

चौकशी म्हटल्यावर माजी सभापती लगेच तयार झाले. चौकशीतून काही बाहेर आल्याचं त्यांनी उभ्या हयातीत पाहिलं नव्हतं.

गावच्या जुन्या सुईणीची लेक कौशल्याबाई अजून हयात होती. वय चौऱ्याऐंशी, ऐकू सगळं येई, विशेषतः न सांगितलेलं. ती अंगणात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. सरपंचासकट तीन कवडू समोर उभे राहिले तरी तिचा हात थांबला नाही.

“बाई,” गुरुजींनी वही उघडली, “तुमच्या मायनं आमच्यातल्या कोनाले इकत घेतलं होतं?”

“तिघायलेही. सूप म्याच धरलं होतं. हा सेलोकराचा लय रडे. हा ठवकराचा तवापासूनच चूप नाही बसे.”

“आन मी?”

“तू झोपला होता.”

गुरुजींनी तेही लिहून घेतलं.

“चला, म्हणजे तिघंही खरेच,” कामिनीताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. “तीन शाली आणू.”

“कायचे खरे?” म्हातारी म्हणाली. “या सेलोकराच्या बापानं पाचव्या वर्षी लुगडं-चोळी आनली आन पोट्टा सोडवून नेला. ठवकराच्या मायनं पायलीभर तांदूळ देल्ले. सोडवला का सौदा मोडला. त्यायचं नाव आता नुसतं हाक माराले.”

“आन माहं?” गुरुजींनी विचारलं.

“तुले कोनी सोडवलंच नाही.”

माजी सभापती खोकले. लेखकांनी खिशातून कागद काढला, बहुधा गोष्टीसाठी.

“असं कसं?” गुरुजी म्हणाले. “बापानं लुगडं घेतलं होतं. माय सांगे मले.”

“घेतलं होतं ना. दारापावतर आला होता तुहा बाप. तुही माय मांगून धावत आली आन त्याले वापस घेऊन गेली. मले म्हने, कौशले, राहू दे याले तुमच्याच नावानं. चार गेले माहे, हा पाचवा. म्या वापस घेतला आन यमाले आठवन झाली तं? नावानं तुमचा, जेवाले माह्या घरी.”

बावीस वर्षं गुरुजी तळ्यांच्या पाळीवर बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत आले होते, हे तळं कोणी खोदलं, ही पाळ कोणी बांधली. मायला मात्र त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं, आणि ती जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. वहीत काही लिहिलं नाही.

शेवटी ताईच म्हणाल्या, “म्हंजे दोघायचा सौदा मोडला, गुरुजीचा कायम. खरे कवडू तुमीच, गुरुजी. ग्रामभूषण तुमचं.”

“मी तर आधीच माघार घेतली होती,” लेखक म्हणाले.

“माहा आक्षेप हाये,” माजी सभापती म्हणाले. “पन लेखी देईन.”

गुरुजींनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि कोटाची बटणं लावली. घसा साफ करून ते म्हणाले, “बंधू-भगिनींनो, हा सत्कार माझा एकट्याचा नाही. एक इतिहासकार म्हणून—”

“थांब जरा,” कौशल्याबाई म्हणाली. “माही माय गेली, तिचं जे होतं ते माह्याकडे आलं. घर, बाडी आन तू. मंग ताई, ते शाल कोनाच्या घरी येईल?”

कामिनीताईंनी गुरुजींकडे पाहिलं. पुराव्यावर चालायचं, हे गुरुजींनीच ठरवलं होतं.

“तुमच्याच घरी, बाई,” ताई म्हणाल्या.

“ठीक हाये. थंडी लय पडून राहिली.” म्हातारीनं सोललेले दाणे टोपलीत लोटले आणि ग्रामभूषणाकडे वर पाहिलं. “आन कवडू, आलाच हायेस तं तेवढं म्हशीले पानी दाखव.”