रोजा राहतो का?

रमजान लागला की मौलानांच्या फोनला उसंत नसायची, आणि निम्मेअधिक प्रश्न दातांचेच असायचे. दात घासायची मिसवाकची काडी ओली चालते की सुकीच हवी? पेस्टची चव जिभेवर राहिली तर? गुळण्या करताना थेंब घशाखाली गेला, आता काय करू? "लोक रोजा धरतात पोटाने आणि घोर लावून घेतात तोंडाचा," असं मौलानांची बायको म्हणायची आणि फोन त्यांच्या हातात कोंबायची.

मौलाना चिडायचे, पण उत्तर द्यायचे. काडी ओली-सुकी कुठलीही चालते, दिवसभर चालते. पेस्टने रोजा मोडत नाही, पण चव घशात उतरायची भीती, म्हणून ती टाळलेली बरी. रोजा आहे हे लक्षात असताना पाणी घशाखाली गेलं तर मात्र तो रोजा नंतर भरून द्यायचा. जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, इकडचा शब्द तिकडे नाही. आयुष्यभर किताबं पालथी घातलेला माणूस, त्यांच्या उत्तरात बोट ठेवायला जागा नसायची. याचा त्यांना अभिमान होता. खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

मशिदीसमोर सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवणाऱ्या कारागिराचं दुकान होतं. सगळे त्याला गादीवाला म्हणत. मौलानांचा तो लहानपणचा दोस्त, पण ते इमाम झाल्यापासून त्याने जी अहो-जाहो धरली ती धरलीच. मौलाना मात्र त्याला अजून अरेतुरेच करत. हा गादीवाला कामाच्या वेळी मूठभर बारीक खिळे तोंडात धरायचा, एकेक जिभेने पुढे ढकलायचा आणि हातोडीने ठोकायचा. दर रमजानात पहिल्या दिवशी त्याचा प्रश्न ठरलेला, "खिळे तोंडात धरले तर रोजा राहतो का?" आणि मौलानांचं उत्तरही ठरलेलं, "राहतो. पण गिळलास तर रोजाही जाईल आणि तूही जाशील." दोघं खो खो हसायचे. यंदाही हसले.

दोन-चार दिवसांनी गादीवाला पुन्हा आला, या वेळी लेकीचा प्रश्न घेऊन. त्याची एकुलती एक लेक त्याच्याच दुकानात शिलाई करायची. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बापलेक म्हणजे एकाच खुर्चीचे दोन पाय. "मिसवाक केली की तिच्या हिरडीतून रक्त येतं. तोंडात सारखी लोखंडाची चव असते म्हणते. रोजा राहतो का?"

"तिच्याही तोंडात खिळे कोंबतोस काय रे?"

"छे हो! ती सुईदोऱ्याचं काम करते."

"मग काडी कडक असेल. टोक नीट चावून मऊ करायला सांग. रक्त थुंकून टाकायचं, चूळ भरायची. गिळलं नाही तर रोजा राहतो."

गादीवाला खूश होऊन गेला. पुढच्या आठवड्यात परत हजर. काडी सोडली, पेस्टशिवाय नुसता मऊ ब्रश धरला, तरी रक्त येतंच. थुंकीत रक्त जास्त की थुंकी जास्त, कसं ओळखायचं? रक्त जास्त असलेली थुंकी गिळली तर रोजा जातो, म्हणून मौलानांनी रंग आणि चव यांवरून कसं ओळखायचं ते समजावून सांगितलं. इतकं नेटकं सांगितलं की शेजारी बसलेला दूधवालाही मान डोलवू लागला. मौलानांना स्वतःच्याच उत्तराचं कौतुक वाटलं.

तिसऱ्या खेपेला गादीवाला दुपारच्या नमाजानंतर दारातच उभा राहिला. चप्पलही काढली नाही.

"मौलाना, ती आता दातांना हातच लावत नाही. काडी नाही, ब्रश नाही. तरी रक्त येतं. बसल्या बसल्या येतं."

"आपोआप?"

"हो, आपोआप."

"मग तर प्रश्नच मिटला. जे आपोआप येतं त्यात तिची काय चूक? जाणूनबुजून गिळायचं नाही, एवढंच."

"अल्लाचे उपकार," गादीवाला म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की बघणाऱ्यालाही बरं वाटावं.

तो रस्ता ओलांडून गेला तेव्हा मौलानांच्या मनात पाल चुकचुकली. आपोआप. एखाद्या माणसाच्या तोंडातून आपोआप रक्त कशाला येईल? पण तेवढ्यात फोन वाजला. कुणाला तरी दाढ काढून घ्यायची होती आणि सुईने रोजा मोडतो का ते हवं होतं. मौलाना बोलत बसले आणि पाल गप्प झाली. अशी गप्प झालेली पाल वाईट, ती कुठे गेली ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी बायको शिवायला दिलेल्या उशा घेऊन आली. उशा बाजूला ठेवल्या आणि उभीच राहिली.

"गादीवाल्याच्या पोरीला बघितलंत का एवढ्यात?"

"तिचा बाप रोज दिसतो मला."

"बापाचं नाही विचारत. पोरगी पांढरीफटक पडलीय. हातावर काळेनिळे डाग आहेत, एक ना दोन. मी म्हटलं कुणी मारलं का गं? तर म्हणते, नाही चाची, नुसतं टेकलं तरी उठतात."

मौलाना उठले. किताब तशीच उघडी टाकून ते निघाले. रस्ता ओलांडताना एक टेम्पो कचकन थांबला आणि चालकाने खिडकीतून चार शब्द सुनावले. त्यांना ते ऐकूही आले नाहीत.

दुकानात काथ्याचा आणि गोंदाचा वास कोंदला होता. गादीवाला उपड्या खुर्चीवर वाकला होता. आत मशीनवर लेक बसली होती आणि तिच्या पायाशी एक पत्र्याचा डबा होता, रंगाचा असतो तसा. मौलानांना बघून ती लगबगीने डोक्यावरची ओढणी सारखी करू लागली, पण आधी वाकून तिला डब्यात थुंकावं लागलं. डब्यात वाळू होती, आणि ती वाळूच्या रंगाची राहिली नव्हती.

"मी थुंकतेच चाचा," ती घाईघाईने म्हणाली. "एक थेंबसुद्धा गिळलेला नाही. तुम्ही सांगितलं तस्संच करते."

मौलानांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या ओठांना रंग नव्हता. बाहीखालून दिसणारं मनगट जांभळं होतं. आणि ही पोर, परीक्षेत पास झाल्यासारखी, त्यांच्याकडे शाबासकीच्या आशेने बघत होती.

"पाणी पी," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता पाणी पी आणि इस्पितळात चल."

"पण रोजा आहे!"

"सोड रोजा. मी सांगतोय ना! आजारी माणसाला माफ आहे. नंतर भरून दे."

गादीवाल्याने तोंडातले खिळे हातावर काढले. "असं काय करता मौलाना? आजारी कुठे आहे ती? कामाला बसलीय. फक्त तोंडातून रक्त येतं, आणि त्याने रोजा जात नाही असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो."

"आता तीन-चार तासच राहिलेत. रोजा सोडून झाला की जाऊ."

आयुष्यात पहिल्यांदा मौलाना त्या दुकानात ओरडले. काय ओरडले ते त्यांना नंतर आठवेना. गादीवाला मात्र दचकून उभा राहिला आणि त्याच्या मुठीतले खिळे फरशीवर सांडले. पोरीने मुकाट्याने पेला तोंडाला लावला. घोट गिळताना तिचा चेहरा असा झाला, की पाण्याबरोबर आणखी काय खाली गेलं ते मौलानांना विचारायची गरज पडली नाही.

इस्पितळात तपासणीला बराच वेळ गेला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्या दमलेल्या होत्या आणि तरीही हलक्या आवाजात बोलत होत्या, हेच मौलानांना सगळ्यात भयंकर वाटलं. दुखणं दातांचं नव्हतं, हिरडीचंही नव्हतं. दुखणं रक्ताचं होतं. आज रक्त चढवायचं, उद्या पुन्हा चढवायचं, मग पुढचं बघायचं. पुढे काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

"इतके दिवस रक्त येत होतं," त्या गादीवाल्याला म्हणाल्या, "आणि तुम्ही कुणाला विचारलंही नाही?"

"विचारलं ना बाई!" गादीवाला कळवळून म्हणाला. "पहिल्या दिवसापासून विचारतोय. हे आमचे मौलाना. यांनाच विचारलं. यांनी प्रत्येक वेळी नीट समजावून सांगितलं."

त्यात टोमणा नव्हता. दोस्ताची बाजू घेतल्यासारखा तो बोलत होता. डॉक्टरीणबाईंनी मौलानांकडे एकदा बघितलं आणि त्या निघून गेल्या. याने माझी दाढी धरून चारचौघांत हलवली असती तर बरं झालं असतं, असं मौलानांना वाटलं.

आत खाटेवर लेक पडली होती. वर पिशवी लटकत होती आणि नळीतून परक्या कुणाचं तरी रक्त तिच्या हातात उतरत होतं. मौलाना जवळ गेले. त्यांनी चादर उगाचच नीट केली.

"चाचा," ती म्हणाली. आवाज जेमतेम ऐकू येत होता. "उद्या परत रक्त चढवणार आहेत. चढवताना रोजा असला तर राहतो का?"

उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं. कोण काय म्हणतं, कुणाचं मत का वेगळं आहे, सगळं ओळीने तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

"ते राहू दे," ते म्हणाले. "तुला कसं वाटतंय, बेटा?"

तिने दाराकडे बघितलं. अब्बा तिथे नाहीत याची खात्री करून घेतली.

"भीती वाटते, चाचा," ती म्हणाली. "पहिलं रक्त आलं तेव्हापासून वाटते. म्हणून तर अब्बांना सारखं तुमच्याकडे पाठवत होते."