पेडललासुद्धा तेल

नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडायचा आणि त्याआधी होडीला वरपासून खालपर्यंत तेल पाजायचं, हे भागोजीने चाळीस वर्षं केलं. होड्या बांधणारा माणूस. त्याच्या हातच्या होड्या मिरकरवाड्याच्या बंदरात अजून पाण्यावर आहेत. पण होडी वेगळी आणि मोटार वेगळी, हे त्याला कोण सांगणार? त्याची बायको कमळा सांगून सांगून थकली. त्यापेक्षा परसातल्या फणसाला सांगितलं असतं तर बरं, निदान तो "मला शिकवू नको" म्हणाला नसता.

गाडी त्यांच्या मुलाने, दीपकने, घेऊन दिलेली. जुनीच, पण आत चॉकलेटी चामड्याच्या सीटा. भागोजीचा जीव त्या गाडीत. आणि तरी गेल्या दिवाळीत त्याने गाडी चालवणं एकाएकी सोडलं. गुडघा दुखतो म्हणे. गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. शेवटी दीपकने मुंबईहून फोनवर साफ सांगितलं, "आई, तू लायसन्स काढलंस तर गाडी राहील. नाहीतर गणपतीला येईन तेव्हा विकून टाकतो. गंजत कशाला ठेवायची?" त्या दिवशी भागोजी भरल्या पानावरून उठला.

म्हणून कमळा अठ्ठावन्नाव्या वर्षी, अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर, गाडी शिकली. दोनदा टेस्ट दिली नि दोनदा नापास झाली. एकदा रिव्हर्स घेताना, एकदा चढावर गाडी बंद पडून. तिसरी टेस्ट पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होती. ती गेली की दोन महिने नंबर लागणार नव्हता, आणि गणपती तर तीन आठवड्यांच्या आत.

अशा वेळी शहाण्या माणसाने गाडीला हातसुद्धा लावला नसता. भागोजी बाजारात जाऊन तीन बाटल्या घेऊन आला. कमळा सोबत होती. दुकानदाराने नीट समजावलं होतं, की ही डॅशबोर्डची, हिला चकाकी नाही, म्हणजे काचेत ऊन मारत नाही. ही चामड्याची, फडक्यावर थोडी घ्यायची, पातळ लावायची आणि कोरड्या फडक्याने पुसून काढायची. आणि ही टायरची. फक्त बाहेरच्या बाजूला लावायची. रस्त्याला टेकतो त्या भागाला नाही, आणि गाडीच्या आत तर अजिबात नाही. भागोजीने प्रत्येक बाटलीतला थेंब दोन बोटांत चोळला, हुंगला आणि मान डोलावली. "कळला."

काय कळलं ते देव जाणे. तिन्ही बाटल्या पांढऱ्या, तिन्हींची टोपणं काळी आणि तिन्हींना लिंबाचा वास!

पौर्णिमेला कमळा नारळीभात करत होती आणि भागोजी सबंध दिवस गाडीत. "मी काय ता बघतंय, तू भाताकडे बघ," एवढंच दोनदा आतून ओरडला. संध्याकाळी बाहेर आला तो हात पुसत, नवस फेडून आल्यासारखा.

सकाळी शेजारची तेजल आली. तिच्याकडे लायसन्स होतं, म्हणून सरावाला तीच कमळाच्या बाजूला बसायची. दार उघडलं आणि दोघी बघतच राहिल्या. आत सगळं लखलखत होतं. डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत असं उतरलं होतं की रस्ता कुठला नि डॅशबोर्ड कुठला ते कळेना. कमळा बसली ती सीटवरून पुढे घसरली. स्टेअरिंग धरलं तर हातात बांगडा धरल्यासारखं निसटू लागलं.

"काकू, आज रिक्षाने जाऊया काय?" तेजल म्हणाली.

"टेस्ट काय रिक्षात देऊ?" कमळाने गाडी चालू केली.

घरापासून खाली जांभ्याचा उतार आहे. अर्ध्यावर वळण, वळणावर कांबळ्यांचा गडगा, दगडांची कुंपणभिंत. कमळाने ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय पेडलवरून सर्रकन बाजूला गेला. पुन्हा ठेवला, पुन्हा गेला. गडगा समोर आला. तेजलने हँडब्रेक दोन्ही हातांनी खेचला. गाडी आडवी होऊन थांबली तेव्हा गडग्याला वीतभर अंतर होतं.

कमळा खाली उतरली. उतार चढून ती अंगणात आली.

"अहो! पेडलला तेल लावलात तुम्ही?"

"लावला," भागोजी शांतपणे म्हणाला. "होडीला बोटभर जागा कोरडी सोडली की तिथनंच पाणी शिरतो."

"गाडी काय पाण्यात न्यायची हाय? टायरचा तेल आत लावलात! सीटला, स्टेअरिंगला, पेडलला! आता मेलो असतो आम्ही दोघी. करायला गेले गणपती नि झाला मारुती! दुकानदार कानीकपाळी ओरडत होता, टायरचा आत लावू नका म्हणून."

"टायरचा नाय लावलेला. चामड्याचाच लावला. माझ्या बोटांना कळतो तेल."

बाटल्या पडवीत होत्या. मागून धापा टाकत तेजल आली. कमळाने अर्ध्याहून जास्त रिकामी झालेली टायरची बाटली उचलून भागोजीच्या हातात कोंबली. "वाचा. काय लिहिलंय?"

त्याने टोपण काढून बाटली नाकाशी नेली.

"वास नको. वाचा."

भागोजीने बाटली डोळ्यांसमोर धरली. लांब नेली, जवळ आणली. बाटली उलटी होती. त्याच्या चपलेवर तेलाची धार लागली तेव्हा कुठे त्याने ती सरळ केली.

तेजल खाली बघू लागली. कमळाच्या तोंडात अजून दहा वाक्यं तयार होती. तिने बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दिवाळीपासून."

"नि गुडघा?"

"गुडघा बरा हाय."

कमळाला त्याचा इतका संताप आला की रडूच आलं. नऊ महिने तिने त्या गुडघ्याला रोज तेल चोळलं होतं.

"बोलायचा तरी होतात."

"डोळे गेले म्हटला की दीपक गाडी त्याच दिवशी नेईल. मग मी अंगणात हात तरी कशावरनं फिरवू, गो?"

पावणेदहा वाजले होते. कमळाने मोरीतून काथ्या, राख आणि भांड्यांचा साबण घेतला आणि उतारावर गेली. तेजलने काच आणि डॅशबोर्ड घेतला, कमळाने पेडल. ती घासून घासून घामाघूम झाली. मागे पावलं वाजली. भागोजी कडेच्या गडग्याला हात लावत लावत खाली आला होता.

"सरक जरा." वाकून त्याने बोट फिरवलं. "क्लचच्या खालच्या कोपऱ्यात राहिलाय."

कमळाने बघितलं. राहिलं होतं. तिने चिडून पुन्हा घासलं. मग त्याने ब्रेक, स्टेअरिंग, सीटची कड, टायरचा रस्त्याला टेकणारा भाग, सगळं बोटांनी तपासलं, आणि जिथे म्हणाला तिथे तेल होतंच. सगळं निघायला साडेदहा झाले. गाडी आतून अशी दिसत होती, जणू कुणी तिला रागाने आंघोळ घातली आहे.

कमळा त्या दिवशी पास झाली. चढावर गाडी बंद पडली नाही. आरटीओच्या साहेबाने आत नाक वर करून विचारलं, "कसला वास येतोय हो?" ती म्हणाली, "राखेचा."

लायसन्स पोस्टाने यायला दहा दिवस लागले. तोवर तिने चामड्याच्या बाटलीला सुंभाची दोरी बांधली, टायरच्या बाटलीला जुन्या ट्यूबची पट्टी, आणि डॅशबोर्डची तशीच ठेवली. भागोजीने एकेक हातात घेऊन चाचपली. "हा बरा केलास," म्हणाला. सुंभाची बाटली घेऊन त्याने सीटांना पुन्हा पातळ तेल लावलं. दोन दिवसांनी सीटा मऊ झाल्या होत्या आणि हाताला काही लागत नव्हतं. कमळाने ते मुद्दामच बोलून दाखवलं नाही.

पाकीट आलं त्याच सकाळी तिने दीपकला फोन केला. गाडी राहणार, हे सांगितलं. डोळ्यांचंही सांगितलं. मग भागोजीला शर्ट बदलायला लावून डाव्या सीटवर बसवलं.

"कुठे नेतेस?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

तो डॅशबोर्डवरून हात फिरवत राहिला. गाडी उताराला लागली. कांबळ्यांचा गडगा त्याला दिसत नव्हता, पण वळण अंगाने ठाऊक होतं. त्याने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली आणि उजवा पाय पुढे दाबला. तिथे नुसता पत्रा होता.

कमळाने ब्रेक लावला. पाय घसरला नाही. गाडी वळणाच्या अलीकडे अलगद हळू झाली. भागोजीचा पाय अजून पत्र्यावर दाबलेलाच होता.

"पाय उचला," ती म्हणाली. "ब्रेक माझ्याकडे हाय."