चोपदाराची आरोळी

"घसा साफ कर, ओटिस. साहेबांचा आज निवृत्तीआधीचा शेवटचा दिवस, आरोळी दणदणीत होऊ दे!" कारकून प्रेंटिस म्हणाला.

भिंतीवर न्यायमूर्ती थॅक्स्टनचं तैलचित्र कापडाखाली झाकलेलं होतं. रेल्वेचा वकील होता तो, मग वॉशिंग्टनच्या सरकारने त्याला या खुर्चीवर आणून बसवलं, तेही तहहयात. खाणीत माणूस चिरडला की हा पठ्ठ्या ज्यूरीला बजावायचा, "धोका ठाऊक असूनच तो आत उतरला होता. कंपनीचा दोष नाही." आणि वर जेवायला जायचा!

मी ओटिस हॅचर, कोर्टाचा चोपदार. "उठा! देव या न्यायालयाचं रक्षण करो!" असं मी ओरडल्याशिवाय न्यायमूर्ती आपल्या खोलीच्या दारातून कोर्टात पाऊल टाकत नाहीत. त्यांच्या चित्राच्या अनावरणाआधी एकच खटला उरला होता, माझ्या बहिणीचा, डेलाचा.

खाणीत संप सुरू झाल्यावर थॅक्स्टनने मनाई हुकूम काढला होता. खाणीच्या रस्त्यावर जमायचं नाही, गायचंसुद्धा नाही. त्यातच संपाआधी खाणीत गाडल्या गेलेल्या डेलाच्या मुलाचं प्रेत हाती लागलं. दफनभूमीला जायला दुसरा रस्ताच नाही. आमच्या डोंगरात मेलेल्याला मुक्याने नेत नाहीत, स्तोत्राची पहिली ओळ आईने गायची असते. डेलाने गायली. तिथेच तिला धरलं.

सकाळी मी थॅक्स्टनच्या खोलीत गेलो. "साहेब, पोराच्या शवपेटीमागे गात होती हो ती."

"गाणं ते गाणंच, हॅचर. सहा महिने. तेवढं उरकू, मग समारंभ."

"तिचं ऐकून तरी घ्या!"

"त्यात ऐकायचंय काय? जा, पुकार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने हुकूम काढला, तोच शिक्षा देणार, तीही न ऐकताच!

मी जागेवर येऊन उभा राहिलो. कोर्ट खाणकामगारांनी भरलेलं. दार किलकिलं झालं, फटीत थॅक्स्टनचा चकचकीत बूट दिसला. मी गप्प.

"पुकार ना! दातखीळ बसली का?" प्रेंटिस फुसफुसला.

"तूच पुकार."

"ओटिस, अरे, नोकरी जाईल तुझी!" आरोपीच्या पिंजऱ्यातून डेला म्हणाली.

"चुलीत गेली नोकरी. तू तुझी ओळ म्हण."

मग तिने गायला सुरुवात केली. न सांगता सगळे खाणकामगार उठून उभे राहिले. बूट दाराआडच थांबला.

शेवटी प्रेंटिसच घाबऱ्या आवाजात ओरडला, "उठा!"

तसे सगळे खाणकामगार खाली बसले. थॅक्स्टन आत आला, लालबुंद. डेला उभीच होती. तिची ओळ अजून पुरी व्हायची होती.