जरा पाणी देतेस का?

मुकादमाच्या तोंडून 'जरा' हा शब्द त्याच्या बायकोनं लग्नापासून ऐकला नव्हता. 'पाणी!' म्हटलं की पाणी, 'टॉवेल!' म्हटलं की टॉवेल. दिवसभर गोदामात हमालांवर ओरडायचा, तो घरीही तसाच बोलायचा, आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. पण गेल्या महिन्यात एका संध्याकाळी बूट काढता काढता तो म्हणाला, "जरा पाणी देतेस का?" आणि पाणी पिऊन झाल्यावर वर "थँक्यू!"

बाईच्या मनात पाल चुकचुकली.

मग रोजचंच झालं. "त्रास नसेल तर भाजी वाढतेस?" "माफ कर हं, उशीर झाला." मेलं हे काय नवीन! ती पडदे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. तिथं शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणीला तिनं हे सांगितलं. मैत्रिणीनं दातांनी दोरा तोडला.

"आपण बायका गोड बोलतो ती सवय असते गं. पुरुष गोड बोलायला लागला की समज, कुठंतरी पाणी मुरतंय. बाहेर कुणाशी तरी असं बोलत असणार."

झालं! त्या दिवशी पडद्याची कड उलटीच शिवली गेली. घरी येऊन तिनं त्याचे खिसे चाचपले, कालचा शर्ट हुंगला. घामाचा वासच नाही! गोदामात राबणारा माणूस, आणि घाम नाही? हा आपल्याला सोडून जाणार, आणि वर जाताना थँक्यू म्हणणार.

तेवढ्यात तो आलाच. "जरा पाणी..."

"तूच आण," ती म्हणाली. "आणि मलाही आण."

अहोजाहो करणारी बायको एकदम अरेतुरेवर! मुकादम पांढराफटक पडला.

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळं कळलंय मला." कळलं होतं डोंबल! "कोण आहे ती?"

"आहे एक पोरगी, आपल्या धाकट्या लेकीच्या वयाची." तो मटकन खाली बसला. "गोदामात यंत्र आलं, मुकादम नकोसा झाला. मला तक्रारीच्या खिडकीवर बसवलंय. गिऱ्हाइकांशी गोड कसं बोलायचं ते ती शिकवते. जमलं तर नोकरी टिकेल. उरलेले हमाल हसतात गं, बायकी काम म्हणतात. तुला कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून घरी गुपचूप सराव करत होतो."

हुश्श! तिच्या छातीवरचा दगड उतरला. आणि दुसऱ्याच क्षणी डोळे रागानं भरून आले.

"म्हणजे ते थँक्यू गिऱ्हाइकांचं होतं?"

तो बुटाची नाडी सोडू लागला.

"मी लग्नापासून असंच बोलतेय. अहो, जरा ऐकता का? अहो, त्रास नाही ना झाला? तुला कधी संशय आला का, की ही बाई एवढी कशाला घाबरते?"

मुकादमाला खिडकीवर शिकलेलं एकही वाक्य आठवेना. तो उठला, आत जाऊन दोन पेले भरून घेऊन आला. एक तिच्यापुढे धरला.

"घे," म्हणाला. त्याच्या जुन्याच आवाजात.

तिनं पेला घेतला. थँक्यू मात्र म्हटलं नाही.