मला परत बसवायचं की नाही?

मी पिस्टन बोलतोय. जरा मोठ्यानेच बोलतोय, कारण सगळा जन्म इंजिनाच्या गोंगाटात गेला.

अ‍ॅल्युमिनियमचा रस साच्यात ओतून मला घडवलं आणि एका बिडाच्या सिलिंडरमध्ये नेऊन बसवलं. आमचं मोटरसायकलचं इंजिन हवेवर गार होणारं. सिलिंडरच्या अंगाला बाहेरून पातळ पात्या; गाडी पळाली की स्वारी वारा खात मजेत. आत आगीत मी!

गाडी काकांची. मागच्या सीटवर काकू. त्या नर्स, घरोघर जाऊन बाळंतपणं करायच्या. काका त्यांची ने-आण करत. "मी आणि गाडी आहोत म्हणून तुझं चाललंय," असं ऐटीत म्हणत.

वय झालं तसा मी जास्तच वात्रट झालो. सकाळी टकटक करायचो. माझ्या अंगावरच्या रिंगांना चुकवून थोडं तेल वर जाऊ द्यायचो, की निळा धूर थेट वाळत घातलेल्या चादरींवर! काकूंचा आरडाओरडा ऐकण्यासारखा असे.

एकदा मात्र गंमत अंगाशी आली. भर उन्हात, चढावर, मी तापून फुगलो आणि सिलिंडरला घट्ट धरून बसलो. चाक जाम झालं, गाडी घसरली. काकांचा गुडघा सोलवटून निघाला. काकू उठल्या, पिशवी उचलली आणि उरलेला चढ पायी चढून गेल्या. वर एक बाई अडली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे कळेपर्यंत मी जन्मात पहिल्यांदा मनातूनही गप्प होतो.

इंजिन खोललं काकूंच्या धाकट्या भावाने. तो मेस्त्री. रॉकेलने धुऊन त्याने मला उजेडात धरलं.

"दाजी, हा गेला. अंगावर ओरखडे बघा."

"ओरखडे तुझ्या बहिणीने मलाही काढलेत. मी चालतोय ना? पॉलिश पेपर मार, नव्या रिंगा टाक, बसव परत."

मी होता होईल तेवढा चकचकीत दिसायला लागलो. मेस्त्रीने मला सिलिंडरमध्ये सोडून मधल्या फटीत मापाची पातळ पट्टी सरकवली. गेली. मग जाड. तीही गेली! म्हणजे फट मापाबाहेर. मी फुगायला बघितलं, पण गार असताना कुठलं फुगणं?

"सिलिंडर राहील," मेस्त्री म्हणाला. "बोअर मारून आतून जरा मोठा करून घेऊ, एक साइज मोठा पिस्टन बसवू. याला नको."

"अरे, इतक्या वर्षांचा सोबती आहे तो!" काका कळवळले.

काकूंनी मला हातात घेतलं, ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "अहो, त्या दिवशी मी उठले. उठलेच नसते, तर वर कोण गेलं असतं?"

काका गुडघा चोळत राहिले. मग हळूच म्हणाले, "मोठा साइज आण."

माझा सिलिंडर एका जाड्या नवख्याला पोटात घेऊन निघून गेला. वळूनही पाहिलं नाही लेकाने! जळजळ झाली, खोटं कशाला बोलू? पण मागच्या सीटवर काकू निवांत बसल्या होत्या, तेही मी पाहिलं.

आता मुक्काम मेस्त्रीच्या बाकावर. 'जुनाच बसव' म्हणून अडून बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात तो मला देतो. तुमचंही इंजिन कधी खोललं, तर आमच्यावरची माया घटकाभर बाजूला ठेवा आणि माप घ्यायला लावा. मापात बसला, तर त्या बिचाऱ्याला खुशाल परत घाला. नाही बसला, तर माझ्या शेजारी जागा आहे.

आणि मला बघायला आलात तर पायात बूट असू द्या. अंगाला अजून तेल आहे, आणि हातातून निसटायची मला भारी हौस.