करुणाची साक्ष

पट्ट्याचा पहिला आवाज आला तेव्हा करुणा चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. गिरणीचा जुना पट्टा होता तो. हवेत सुळकन वाजायचा आणि अंगावर पडला की कापड फाटल्यासारखा आवाज यायचा. करुणाला दोन्ही आवाज पाठ होते.

वरवंडच्या पुढं, हायवेपासून आत, हे मुलींचं बालगृह. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्या काही बाया मेल्या, त्यांची पोरं मागं राहिली. भामाबाई नावाच्या एका विधवेनं ती आपल्या गोठ्यात आणून निजवली, तिथून याची सुरुवात. पाटीवर आधी ‘अनाथाश्रम’ होतं. मग सरकारी ग्रँट आली आणि ‘बालिकाश्रम’ झालं. पुढं कायदा बदलला तसं ‘बालगृह’ झालं. भामाबाई गेल्यावर सगळा कारभार भाच्याकडं आला आणि त्यानं पोपटरावाला अधीक्षक नेमलं. करुणा सहा वर्षांची असताना कवठे येमाईहून इथं आली होती. अठरा पूर्ण झाल्यावर जायला घर नव्हतं, म्हणून स्वयंपाकाला इथंच राहिली. पोपटरावाला येऊन बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं तिनं तोंड उघडलं नव्हतं.

आदल्या दिवशी तपासणीला माणसं आली होती. त्यातल्या एका बाईनं विचारलं, “इथं कुणी मारतं का गं?” चाळीस पोरी माना खाली घालून बसल्या. अकरा वर्षांची स्वप्नाली तेवढी उठली, पाठमोरी झाली आणि तिनं ड्रेस वर केला. बाईनं फोटो काढला, लिहून घेतलं. “कारवाई होईल,” म्हणाली. गाडी गेली.

आज सकाळी पोपटरावाला कुणाचा तरी फोन आला. फोन ठेवला तसा त्यानं सगळ्या पोरींना अंगणात उभं केलं.

“पाठ दाखवती व्हय? आता समोरनं दाखव!”

करुणा दारात आली. स्वप्नाली हौदापाशी गुडघ्यांवर पडली होती. पट्ट्याच्या टोकाला लोखंडी सांधा होता. तो कानावर बसला, कान फाटला आणि रक्त गळ्यावरून खाली वाहिलं. तेवढ्यात तिची सहा वर्षांची बहीण मोनिका ओळीतून पळत सुटली आणि पोपटरावाच्या मनगटाला कडकडून चावली. त्यानं तिला केसांना धरून उचललं आणि हौदाच्या कठड्यावर आपटलं. मोनिका ओरडलीसुद्धा नाही.

पोरगी मेली, असंच करुणाला वाटलं. भाजीच्या पातेल्यातला लोखंडी झारा तिनं कधी उचलला, तिचं तिला कळलं नाही. पहिला घाव त्याच्या कोपरावर बसला. हाड वाजलं. पट्टा खाली पडला.

“तू? माझ्या अन्नावर जगती आन् माझ्यावरच हात?” त्यानं डाव्या हातानं तिची मान धरली, तोंड कठड्यावर आदळलं. दोन दात तुटले. ती पडली तसा तो तिच्या उजव्या मनगटावर बुटासकट उभा राहिला आणि टाच फिरवत राहिला. तोंड रक्तानं भरलेलं, करुणाला ओरडताही येईना.

तेव्हा दीक्षा नावाच्या पोरीनं पाण्यानं भरलेली बादली त्याच्या डोक्यात घातली.

तो कोलमडला आणि सगळ्या पोरी तुटून पडल्या. खराटे, लाटणी, कपडे धुवायची धोपाटणी, हाताला लागेल ते. आरडाओरडा कुणीच करत नव्हतं. नुसता धपाधप मारा चालला होता. पोपटराव आधी शिव्या देत होता, मग “बायांनो, बायांनो” करू लागला, मग नुसता कण्हू लागला. फाटल्या कानाच्या स्वप्नालीनं दोन्ही हातांनी पाटा उचलला आणि त्याच्या डोक्याशी येऊन उभी राहिली.

करुणानं ते पाहिलं. पोपटराव मरावा असं तिलाही वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. पण ती सरपटत गेली आणि त्याच्या अंगावर आडवी पडली.

“ऊठ मावशी!”

“न्हाई उठत.”

“ऊठ, न्हाईतर तुलाबी घालीन!”

“घाल.”

दोन-चार लाटणी तिच्याही पाठीत बसली. पाटा स्वप्नालीच्या हातातून निसटून बाजूला मातीत पडला. मग पोरी एकेक करून रडायला लागल्या.

पोरींचं रडणं ऐकून शेजारच्या मळ्यातला भारत आला, त्यानं पोलिसांना फोन लावला. मोनिका जिवंत होती. खांद्याचं हाड मोडलं होतं, डोक्याला सात टाके पडले. पोपटरावाला अटक झाली. तीन महिन्यांनी जामीन मिळून तो बाहेरही आला. बालगृहाची मान्यता रद्द झाली आणि चाळीस पोरी चार ठिकाणी वाटल्या गेल्या. दीक्षा कुठं गेली ते करुणाला कुणी सांगितलं नाही. स्वप्नाली आणि मोनिकाला मात्र शिरूरच्या एका संस्थेत एकत्र ठेवलं, कारण मोनिका बहिणीचा हात सोडायलाच तयार नव्हती.

करुणा आता दौंडला एका खानावळीत भाकऱ्या करते. मनगट पुरतं वळत नाही, म्हणून डाव्या हातानं थापते. सुट्टीच्या दिवशी एसटीनं शिरूरला जाते. पहिल्या दोन खेपांना स्वप्नाली तिच्यापुढं आलीच नाही. तिसऱ्या खेपेला आली, समोर बसली.

“त्याला का वाचवलंस?”

“तू खुनी झाली असतीस गं.”

“झाले असते. मला न्हाई पटत, मावशी.”

करुणानं बरोबर आणलेली भाकरी तिच्यापुढं सरकवली.

“कोर्टात बोलावलंय मला,” स्वप्नाली म्हणाली. “त्याचा वकील म्हणंल, पोरगी खोटं बोलती. तू येशील?”

“येईन.”

“सगळं सांगशील? आमच्या आधीच्या पोरींचंबी? तुला ठावं होतं, तेबी?”

करुणाची मान खाली गेली. खिडकीबाहेर पोरी लंगडी खेळत होत्या, मोनिका त्यांच्यात एका बाजूला झुकून पळत होती.

“व्हय,” करुणा म्हणाली. “बारा वर्सं बघत व्हते. कुणाच्या पाठीला कवा हळद लावली, समदं ध्यानात हाय माझ्या. सांगीन.”

स्वप्नाली उठली. दारापर्यंत गेली आणि मागं न बघता म्हणाली, “एकवीस तारीख हाय. उशीर नको करूस.”