कण्याचा पहिला फोटो

मी एक जुना कणा आहे आणि मित्रांनो, ज्यांच्या पाठीत मी राहतो त्या माझ्या मालकांनी साठ वर्षांत मला एकदाही पाहिलं नव्हतं. आरशात ते रोज मिशी बघायचे, टकलाला दोन शब्द सुनावायचे, पण माझी विचारपूस शून्य. मीही स्वतःला पाहिलं नव्हतं म्हणा. आपण दिसतो तरी कसे, याची मला भारी उत्सुकता होती.

मालक बाळ होते तेव्हा माझ्यात तेहतीस मणके होते. पुढे तळाचे काही एकमेकांना चिकटले आणि एक होऊन बसले. बाकीच्या मणक्यांच्या मधे गाद्या असतात. लहानपणी त्या पाण्याने टम्म असतात. दिवसभर भार पडला की थोडं पाणी बाहेर जातं, रात्री आडवं झालं की परत येतं. म्हणून तुम्ही संध्याकाळपेक्षा सकाळी किंचित उंच असता. खोटं वाटत असेल तर भिंतीला टेकून पेन्सिलीने खूण करा आणि बघा.

मालक त्यांच्या मामांच्या दुकानात केस कापायला शिकले. मामांचा एकच नियम होता, "गिऱ्हाईकाची मान वाकवायची नाही. आपण वाकायचं." झालं, मी वाकू लागलो. कानामागचे केस, मानेवरचे केस, खुर्चीतच झोपी गेलेल्या पोराचे केस, सगळीकडे मीच. पुढे मालकांनी स्वतःचं दुकान टाकलं. पायाने दांडा दाबला की वर चढणारी खुर्ची आणली. पण तो दांडा त्यांनी कधी दाबला म्हणून नाही. मामांचा शब्द ना! लोक म्हणायचे, "काय हात आहे यांचा!" हाताचं कौतुक ऐकून मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

पन्नाशी उलटल्यावर गाद्यांतून गेलेलं पाणी पुरतं परत येईना. गाद्या चपट्या झाल्या, मणक्यांच्या कडांना हाडाची बारीक टोकं आली. सकाळी उठताना मी कुरकुरायचो. मालक कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणायचे आणि दुकान उघडायला जायचे.

एके दिवशी खाली पडलेला कंगवा उचलताना त्यांना अशी कळ आली की खुर्चीचा आधार घेऊन ते उभेच राहिले. खुर्चीत एक ट्रकचालक बसले होते. ते म्हणाले, "मणक्यात गॅप आला असणार. माझ्या मेव्हण्याला आला होता. आता वाकलात तर अंथरुणाला खिळाल बघा."

मालकांनी धसकाच घेतला. दुकानाला कुलूप लागलं आणि अंथरुणाला खिळू नये म्हणून मालकांनी अंथरूणच धरलं.

मग घरचं सगळं मालकीणबाईंच्या अंगावर पडलं. पाण्याच्या बादल्या, बाजारहाट, मालकांना हात देऊन उठवणं, माझ्यावर तेल चोळणं. मालक छताकडे बघत म्हणायचे, "माझं संपलं. दुकान विकून टाकू." ज्या कामावर त्यांचा जीव होता ते सुटणार, या विचाराने त्यांचे डोळे भरून यायचे. मलाही फार वाईट वाटायचं. आणि पडून पडून मी आणखीच आखडत होतो. माझ्या गाद्यांपर्यंत रक्त फारसं पोचत नाही. हालचाल झाली तरच त्यांना नीट खायला मिळतं. मी चक्क उपाशी होतो आणि हे कोणाला सांगताही येत नव्हतं.

दुकान बघायला एक माणूस यायचा ठरला, तेव्हा मालकीणबाईंनी मालकांना बळेबळे डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पायाला मुंग्या येतात का विचारलं. मग माझा फोटो निघाला आणि उजेडाच्या पाटीवर लागला. अरेच्चा, हा मी! मला वाटत होतं मी काठीसारखा सरळ असेन, पाहतो तर चांगली ऐटबाज वळणं घेतलेला. मी स्वतःवर खूश झालो. मालकांचा चेहरा मात्र पडला.

"गॅप आहे ना?" त्यांनी विचारलं.

"उलट, अंतर कमी झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वयाने गाद्या झिजल्यात. केस पिकतात तसंच. केस पिकले म्हणून कोणी झोपून राहतं का? थोडे दिवस औषध घ्या, हिंडाफिरा, व्यायाम करा. आणि कापताना वाकू नका, खुर्ची वर घ्या."

"पण आमचे मामा म्हणायचे..."

"मामांची खुर्ची वर जायची का?"

"नाही. साधी लाकडी होती."

तरी त्यांना पटेना. "तुम्ही आपलं धीर द्यायला बोलताय," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी मालकीणबाईंकडे पाहिलं. "मागे तुम्ही जिन्यात घसरलात, तेव्हाचा तुमचा फोटो माझ्याकडे आहे. दाखवू यांना?"

"दाखवा की."

माझ्याशेजारी दुसरा फोटो लागला. मी टक लावून पाहत राहिलो. त्या गाद्या माझ्याहून चपट्या होत्या, टोकंही जास्त होती. हाच कणा वाकून माझ्यावर तेल चोळत होता. मालकांनी आधी दोन्ही फोटोंकडे आणि मग बायकोकडे पाहिलं.

"तुझी पाठ दुखत नाही?"

"दुखते ना. सकाळी तर फार."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही झोपून होतात. सांगणार कोणाला?"

दुकान बघायला तो माणूस आला तेव्हा खुर्ची वर चढवलेली होती आणि मालक केस कापत होते. "बसा, तुमचेही वाढलेत," ते त्याला म्हणाले. घरातल्या बादल्याही आता तेच भरतात, अर्ध्या अर्ध्या.

मित्रांनो, मी अजून कुरकुरतो, पण माझी भीती आता कोणाला वाटत नाही. तुमच्याही पाठीत माझा एक लहान भाऊ आहे. त्याला हलतं ठेवा, दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्या. आणि तुमच्या घरात जे कोणी कधीच "आई गं" म्हणत नाही ना, त्यांना आज जाऊन विचारा, तुमची पाठ दुखते का? विचारून लगेच खेळायला पळू नका. उत्तर मिळेपर्यंत जवळ बसा.